तिने निवडलेला कॅमेरा

फोटोग्राफरने जन्मभर लोकांची लग्नं टिपली, पण बायकोचा एक धड फोटो त्याच्याकडे नव्हता. ती कायम त्याच्या मागे उभी. हातात लाइट, खांद्यावर बॅग.

आता ती खिडकीजवळच्या कॉटवर पडून होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. फ्लॅश उडाला की तिचं डोकं ठणकायचं. खोलीत भरदिवसाही उजेड बेताचाच, आणि त्याच्या जुन्या कॅमेऱ्यात अशा उजेडात चेहरा वाळू फासल्यासारखा यायचा. कमी उजेडातही चेहरा स्वच्छ टिपणारा, मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम कॅमेरा हवा होता. नवा घेण्याची ऐपत नव्हती. वापरलेले कॅमेरे विकणारा दुकानदार जुना दोस्त. त्याने दोन कॅमेरे विश्वासावर घरी न्यायला दिले.

"वहिनींना दाखव," तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

उशांना टेकवून बसवल्यावर बायकोने दोन्ही कॅमेरे मांडीवर घेतले. एक अगदी नवाकोरा दिसत होता. दुसऱ्याचं रबर झिजलेलं, कोपऱ्यावरचा रंग उडालेला.

"पांढऱ्या भिंतीचे काढा," ती म्हणाली. "दोन्हींनी."

त्याने काढले. नव्या दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोत एक बारीक तिरपी रेघ आली. आतला सेन्सर पुसला तरी ती गेली नाही. ओरखडाच होता तो.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," ती म्हणाली. मग दुसरा कॅमेरा कानाशी नेऊन तिने दोन-चारदा बटण दाबलं. "याचं शटर अजून ठणठणीत आहे. हाच घ्या. रूपावर जाऊ नका. माझ्या वेळी तरी कुठे गेला होतात?"

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. आणि हसता हसताच त्याने तिच्याकडून कॅमेरा घेऊन डोळ्याला लावला.

कॅमेऱ्याचा हा खटाटोप कशासाठी चालला होता, ते तिला केव्हाच उमगलं होतं. "काढा," ती म्हणाली. "पण मला दाखवायचे."

खिडकीचा उजेड तिच्या गालावर मऊ पडला होता. असे फोटो त्याच्या हातून क्वचितच उतरले असतील. पण त्या कॅमेऱ्याने काही म्हणून झाकलं नाही. खोल गेलेले डोळे, सुकलेले ओठ, गळ्याची हाडं, सगळं लख्ख आलं. ती एकेक फोटो बराच वेळ पाहत राहिली.

"फोटो उत्तम आलेत. पण ही मी नाही. पुसून टाका."

"अगं, एक तरी राहू दे."

"अहो, मी कधी हट्ट केलाय तुमच्याकडे?"

त्याने तिच्यासमोर सगळे पुसले. शेवटचा गेल्यावर ती उशीला टेकली आणि तिने डोळे मिटले.

थोड्याच दिवसांत ती गेली. लांब राहणारी मुलगी धावत आली, तोवर सगळं आटोपलं होतं. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, आईचे शेवटचे फोटो काढलेत ना?"

"काढले होते. पुसले. तिला नको होते."

"मला हवे होते," मुलगी म्हणाली. त्यानंतर निघेपर्यंत ती वडिलांशी कामापुरतंच बोलली.

ते शब्द त्याच्या जिव्हारी लागले. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड खिशात घालून तो पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या दुकानात गेला. तिथल्या माणसाने विचारलं, "यावर नंतर नवीन काही काढलं नाही ना? नसेल काढलं, तर मिळतील की! काढलं असेल, तर मात्र कायमचे गेले."

फोटोग्राफरचा हात खिशातच राहिला. समोरच्याने हात पुढे केला, थोडा वेळ वाट पाहिली आणि मागे घेतला.

"नको," फोटोग्राफर म्हणाला. "राहू दे."

त्याच आठवड्यात एक लग्न होतं. त्याने तेच कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि नवरा-नवरी, मामा-मावश्या, रुसलेली पोरं, जेवणाऱ्या पंगती टिपत गेला. दुपार टळेपर्यंत कार्ड गच्च भरलं.

फोटो परत मिळत असताना आपण त्या दुकानातून तसेच परतलो, हे त्याने मुलीला अजून सांगितलेलं नाही. तिचा फोन येतो. तब्येतीची चौकशी करून ती लगेच ठेवते.