दिलीपच्या बोटाचा पेढा

कोड लिहिणाऱ्या दोस्तांनो, आज हातातला पेढा तोंडात टाकवला नाही.

खडोलीतल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. इथली माहिती दर महिन्याला मुंबईच्या हेड ऑफिसला जाते ती जेसन नावाच्या साच्यात बसवून. कामगाराच्या नोंदीतलं काय पाठवायचं, काय गाळायचं, हे माझा कन्व्हर्टर प्रोग्राम ठरवतो. खरं तर हे गाळणं आधार नंबरासारख्या खासगी गोष्टींसाठी असतं.

आज सकाळी मॅनेजर टेबलापाशी आले. "ठेकेदाराचा माणूस असेल तर 'अपघात' हा रकाना वर पाठवू नका."

"पण साहेब, परवा दिलीपचं बोट मशीनमध्ये गेलं. टाके पडलेत."

"तो आपला माणूस थोडाच आहे? आणि आपण पुसतोय कुठे? इथे राहू दे की. फक्त वर जायला नको."

काय सोय आहे बघा! खोटं कुठेच लिहायचं नाही, फक्त कोडमध्ये एक अट टाकायची. मी वाद घातला. मग अट टाकली. नोकरी कुणाला नको असते?

दुपारी मुंबईहून अभिनंदनाचा मेल आला: महिनाभरात एकही अपघात नाही! सुट्टीच्या वेळी गेटवर पेढे वाटले. दिलीप नंदुरबारकडचा. उजव्या हाताला बँडेज, म्हणून त्याने डावा हात पुढे केला आणि हसत मला विचारलं, "भाऊ, पेढा कसाना शे?" पेढा कशाचा, म्हणत होता.



तुम्हीच सांगा, काय म्हणायला हवं होतं? "तुझ्या बोटाचा"?