दादाचा राग

आधीच सांगून ठेवते — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. 'ताई, घरात शांती करून घ्या' असली पत्रं पाठवू नका. रामघाटावर आईने दादाचं क्रियाकर्म यथासांग करून घेतलं होतं. तरीही हे घडलं...

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश व्हायचा होता, ते दिवस. आम्ही उज्जैनला, देवास गेटजवळ राहायचो. माझा थोरला भाऊ वसंत, आमचा दादा, रेडिओ दुरुस्त करायचा आणि हवाईयन गिटार वाजवायचा. मोडक्या रेडिओंचे व्हॉल्व्ह जमवून त्याने गिटारसाठी घरीच अॅम्प्लिफायर केला होता. आम्ही त्याला 'डबा' म्हणायचो. त्यातलं निम्मं सोल्डरिंग माझ्या हातचं होतं.

दादा विषमज्वराने गेला. तेराव्याच्या गडबडीत त्याचा मित्र केशव 'जरा वाजवून बघतो' म्हणत गिटार आणि डबा घेऊन गेला, तो गेलाच. नोकरी शोधत साताऱ्याहून वर्षभरापूर्वी आलेला हा माणूस. गिटार त्याला दादानेच शिकवली. आणि आता गावभर सांगत सुटला की डबा त्याने बनवला, दादाने बांधलेली सारंग रागातली गतही त्याचीच! शाळेत संगीत-मास्तरची जागा निघाली होती, तिथे तो हेच वाजवणार होता. मी ओरडून सांगितलं असतं, तर 'पोरीला काय कळतं' म्हणून लोक हसले असते.

वर निर्लज्जपणा बघा... डबा जळला तेव्हा तो माझ्याकडेच आला. आतल्या तारा दुसऱ्या कुणाला उमगतच नव्हत्या ना. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आई म्हणाली, "वस्तू दादाची आहे. दुरुस्त कर."

मोठ्या व्हॉल्व्हच्या पायाशी असलेला, करंटला आवर घालणारा रेझिस्टन्स काळा ठिक्कर पडला होता. त्याच्या अलीकडचा कंडेन्सर गळत असेल, म्हणून व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आहे, असं वाटलं. दोन्ही बदलले, मीटर लावला, सगळं बिलकुल ठीक. दुपारभर मी स्वतः वाजवलं, तरी रेझिस्टन्स जेमतेम कोमट. केशवने गिटार मांडीवर घेतली, सारंग छेडला आणि धूर! पुन्हा बदलला, पुन्हा तेच. मी काही खोडसाळपणा केला नव्हता, शपथेवर सांगते. करायची इच्छा मात्र भरपूर होती.

शेवटी नवा रेझिस्टन्स घालून दिला आणि शाळेत मीही गेले. भर दुपार, सभागृह भरलेलं. परीक्षक शर्माजी होते. दादाला त्यांनी पूर्वी ऐकलेलं होतं. केशवने दादाची गत सुरू केली. थोड्याच वेळात जळका वास आला आणि आवाज बंद पडला. शर्माजींनी डोळे उघडले. शांतपणे म्हणाले, "राग तो वसंत का है."

आता आम्हा उज्जैनच्या पोरांना कळतं की हिंदीत राग म्हणजे फक्त गाण्यातला; हा सारंग वसंतने बांधलेला, एवढंच ते म्हणाले. केशवची हिंदी भाजी घेण्यापुरती. त्याने आपला मराठीतला राग ऐकला. चेहरा पांढराफटक. डब्यातून धूर निघतोय...

"असणारच!" तो ओरडला. "असणारच त्याचा राग! डबा त्याचा, गिटार त्याची, गतही त्याचीच. मी चोरलं सगळं!"

आणि हातातलं सगळं तिथेच टाकून निघून गेला.

शर्माजी गोंधळून माझ्याकडे वळले. "मैंने तो बस राग की बात की थी, बेटी."

मी त्यांना समजावून सांगितलं. केशवला मात्र कधीच सांगितलं नाही. तो साताऱ्याला परत गेला, आणि तिथेही दादा आपल्यावर चिडलेला आहे, याच धाकात जगत असेल. जगू दे. मला त्यात मजा वाटते, आजही.

पण खरी गोष्ट गिटार आणि डबा घेऊन घरी आल्यावरची. डबा उघडला तर रेझिस्टन्स जळून मधोमध तुटलेला, दोन तुकडे वेगळे. मीटरचा काटा हलेना. म्हणजे करंटला जायला वाटच नाही, आवाज येणं शक्यच नाही. सवयीने बटण दाबलं आणि गिटारच्या तारेला बोट लावलं... आवाज स्वच्छ आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उंबऱ्यात बसून रडली.

पुढे कितीतरी जाणकारांना विचारलं. 'तुमचा मीटर बिघडला असेल' म्हणतात. नव्हता बिघडला. तो रेझिस्टन्स मी बदललेला नाही आणि डबा अजून वाजतो. का, ते ठाऊक नाही. दादाचा राग त्याच दुपारी निवला असेल.

माझा नाही निवला.