परवानगी विचारणारा माणूस

"आधी सांगा, हे कोणाचं?"

कॉम्प्युटरसमोर बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं. माऊसला हात लावण्याआधी रुमालाने एकेक बोट पुसायचं, चष्मा वर सरकवायचा आणि हे विचारायचं. त्या काळात शहापूर-मुरबाड पट्ट्यात तुम्ही कधी कॉम्प्युटर बिघडवून ठेवला असेल, तर तुम्हालाही त्यांनी हे विचारलं असणार. आणि आपल्याच खुर्चीत आपलीच उलटतपासणी कसली, म्हणून तुम्ही चिडलाही असाल. मी चिडले होते.

मी शहापूरच्या एका शाळेत क्लार्क होते. दोन हजार सालानंतर शाळेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या पाठोपाठ कुरबुरी आल्या. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे हे गृहस्थ सापगावला राहायचे. जुन्या स्कूटरवरून यायचे, दारातूनच "जयभीम, मॅडम" म्हणायचे आणि चप्पल बाहेर काढायचे. कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल नको, हा नियम आम्ही केव्हाच मोडीत काढला होता. त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

प्रिंटर, व्हायरस सगळं ते बघायचे, पण त्यांची खरी ख्याती होती बंद फोल्डरची. विंडोज बिघडलं म्हणून कोणी नवं टाकायचं आणि मग आपल्याच फोल्डरवर क्लिक केलं की 'अॅक्सेस डिनाइड'. फोल्डर दिसतं, आत जाता येत नाही. माणूस रडकुंडीला यायचा. हे शांतपणे समजावायचे, "फोल्डरला पण सातबारा असतो. विंडोज नवीन टाकली का जुनी माणसं तिला ठाऊक नाय. आता जुनं नाव कमी करायचं, तुमचं चढवायचं. लगेच उघडंल." तलाठ्याकडे याच कामाला सहा महिने लागतात, हे करतात चार क्लिकमध्ये, असं आमचे शिपाई म्हणायचे.

पण मालकाने हो म्हटल्याशिवाय त्या चार क्लिक व्हायच्या नाहीत. एकदा रजेवर गेलेल्या एका शिक्षकांनी निकालाचं फोल्डर फक्त स्वतःपुरतं ठेवलं होतं. हेडसर म्हणाले, उघडा. हे म्हणाले, आधी सरांना विचारा. हेडसरांनी शाळा कोणाची, कॉम्प्युटर कोणाचा, असं सगळं ऐकवलं. हे मान खाली घालून म्हणाले, "कपाट शाळेचं हाय, सर. पण आतला डबा त्यांचा हाय ना." शिक्षकांचं गाव मुरबाडच्या पलीकडे, फोन शेजाऱ्यांकडे. त्यांना फोनवर बोलावून आणेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर हे हात बांधून बसले, हेडसर येरझाऱ्या घालत होते आणि आम्ही कार्यालयातले सगळे फायलींत डोकं खुपसून हसत होतो.

मुरबाडच्या एका फोटो स्टुडिओतही असंच झालं. लग्नाचे सगळे फोटो अडकले होते आणि नवरीचे वडील दुकानात येऊन बसलेले. यांनी फोल्डर उघडून दिलं आणि उठून रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिले. फोटोवाला हाका मारतोय, बघा तरी कसे आलेत. हे येईनात. मला नंतर म्हणाले, लोकांच्या घरातलं लगीन, आपण कशाला बघायचं. मला तेव्हा हे जरा अतीच वाटलं होतं.

त्यांना एकच मुलगी होती. कल्याणच्या कॉलेजात जायची. बापाकडून सगळी विद्या शिकली होती. शाळेत एकदोनदा त्यांच्याऐवजी तीच आली आणि त्यांच्यापेक्षा लवकर काम करून गेली. घरच्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हमध्ये तिने स्वतःचं एक फोल्डर केलं होतं आणि बापाला बजावलं होतं, "पप्पा, याला हात नाय लावायचा." हे ते मोठ्या कौतुकाने सांगायचे. माझीच पोरगी मला कुलूप घालते, म्हणायचे.

ती गेली. कावीळ झाली आणि बारा दिवसांत गेली. विसावं लागलं होतं तिला.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी सापगावला गेले. भिंतीवर तिचा फोटो होता तो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. डोळे धूसर, चेहरा अनोळखी. तिची आई मला म्हणाली, पोरीचा एक धड फोटो नाय घरात. मैत्रिणीच्या कॅमेऱ्यातले सहलीचे फोटो तिने त्या फोल्डरमध्ये ठेवलेत, पण कुलूप लावून गेली. हे रोज प्रयत्न करतायत.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. दोन मिनिटांचं काम होतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. परत निघताना स्कूटरपाशी मी बोललेच. अहो, ती आई आहे, उघडून द्या. ते म्हणाले, "पोरगी नको म्हणली होती, मॅडम. हो कोणाला विचारू?"

असं दीड वर्ष गेलं. लोकांचे फोल्डर ते उघडत राहिले आणि घरी बायकोला सांगत राहिले की कुलूप अवघड आहे, शोधतोय. मग एका पावसाळ्यात वीज सारखी जाऊन-येऊन घरचा कॉम्प्युटर चालू होईना. डी ड्राइव्हही जाईल या भीतीने त्यांनी घाईत विंडोज नवं टाकलं. आयुष्यभर दुसऱ्यांना सावध करणारा हा माणूस स्वतःच्या घरात चुकला. डी ड्राइव्ह वाचला, फोल्डर वाचलं, पण त्याच्या मालकाच्या जागी मुलीचं नाव दिसेना. तिथे नुसता लांबलचक नंबर होता; विंडोज प्रत्येक नावामागे असा एक नंबर ठेवतं आणि नाव ओळखेनासं झालं की तोच दाखवतं. त्यांनी तिच्या नावाचं खातं पुन्हा तयार केलं. नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच. मशीनने ते मानलं नाही. त्या दिवशी ते शाळेत आले आणि माझ्या टेबलासमोर बसून रडले. म्हणाले, माणूस गेलं होतं, आता नाव बी मीच पुसलं.

मग त्यांनीच मला रविवारी घरी बोलावलं. आता उघडायचं, पण मुलीचं काय असेल त्यात, आधी बाईमाणसाने बघावं, अशी त्यांची इच्छा होती. मी खुर्चीत बसले. ते खिडकीशी पाठमोरे उभे राहून तोंडपाठ सांगत होते, कुठे क्लिक, कोणता टॅब, मालकाच्या जागी कोणतं नाव. आई स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. त्यांचं नाव मालक म्हणून चढलं, आणि कोणाकोणाला आत जायची परवानगी आहे ती यादी माझ्यासमोर उघडली. यादीत दोन नंबर होते. शेवटचे आकडे सोडले तर दोन्ही सारखे.

"दोन?" ते म्हणाले. "एकच पाहिजे, तिचा. नीट बघा."

मी वाचून दाखवले. ते वळले, वाकून स्क्रीनजवळ आले. माझ्या हातातून माऊस घेऊन त्यांनी शेजारचं स्वतःचं जुनं फोल्डर तपासलं. तेही आता नंबरच दाखवत होतं. यादीतला दुसरा नंबर तोच होता. जुन्या विंडोजमध्ये तो नंबर त्यांचा होता.

मुलीने बापाला परवानगी देऊन ठेवली होती. तोंडाने हात लावू नका म्हणाली आणि यादीत त्यांचं नाव घालून गेली. कधी घातलं, आजारपणात की त्याआधी, कोण सांगणार?

त्यांनी माऊस सोडून दिला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, हे मला उघडंच होतं. दीड वर्ष. मी एकदा पण क्लिक नाय केलं."

आतून कपांचा आवाज आला. त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"हिला नका सांगू."

फोटो होते. तानसा धरणावर, मैत्रिणींच्या मधोमध, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. आई स्क्रीनच्या काचेवरून हात फिरवत राहिली आणि हे शेजारी उभे होते. माझा चहा तसाच राहिला.

त्यानंतर चारेक वर्षांनी तेही गेले. मी अधूनमधून सापगावला जाते. भिंतीवर आता तिचा धरणावरचा फोटो आहे आणि शेजारी त्यांचा. घरी कोणी नवीन माणूस आलं की आई त्याला त्या फोटोची हकीकत सांगते. कुलूप किती अवघड होतं, कोणालाच जमण्यासारखं नव्हतं, आणि हा माणूस पोरीसाठी दीड वर्ष कसा झटला.

"विचारा या मॅडमना," ती म्हणते. "या होत्या तिथं."

आणि मी हो म्हणते.