बू तारमिनींची पंगत

बू तारमिनी, म्हणजे तारमिनीबाई, सोलो शहरातल्या आमच्या गल्लीच्या प्रमुख. दहशतवादाच्या संशयावरून धरलेला शेजारचा विद्यादी दोन वर्षांनी सुटून आला, तेव्हा एक पोलीस बूंना म्हणाला, "लक्ष ठेवा. काही घडलं तर गल्लीच्या जिवावर बेतेल."

बूंना टेहळणी जमत नाही, स्वयंपाक जमतो. विद्यादी बिघडला तेव्हा त्यानं आधी गल्लीची पंगत सोडली होती. एकत्र प्रार्थना करून जेवायची आमची ही प्रथा त्याला पाप वाटू लागली होती. म्हणून बूंनी शुक्रवारी पंगतच घातली आणि पोलिसालाही बोलावलं.

विद्यादी आला, पण दारातच बसला. पिवळ्या भाताच्या डोंगराभोवती बसलेली चाळीस माणसं हात आवरून त्याच्याकडे बघत राहिली.

"बू, सगळे असे बघत बसले तर घास उतरायचा कसा?"

"मग आत सरक. तू दारात बसलास तर वाढणारीनं काय उडी मारून यायचं?"

तो हसला, आत सरकला. सगळ्यांबरोबर आमीन म्हणाला, पोटभर जेवला, वर आईसाठी डबाही मागून घेतला. मग मात्र गप्पांना नुसता ऊत आला.

"आता 'धोका नाही' असं कळवू ना?" पोलिसानं कोंबडीची तंगडी चघळत विचारलं.

"एवढ्यात नको. पुढच्या शुक्रवारीही येतो का बघू," बू म्हणाल्या. "तुम्हीही या, पण तंगडी एकच मिळेल."