मुद्देमालातली किल्ली

ती किल्ली आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पितळेची, लांब दांड्याची, दोऱ्यात ओवलेला एक निळा मणी.

फ्रान्समध्ये फुटबॉलचा विश्वचषक होता, त्या वर्षीची गोष्ट. तंजावूरच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. घराघरांत केबल नुकतीच आली होती आणि ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, तेही ब्राझीलच्या बचावफळीबद्दल मत देत होते. मी धरून.

त्याच सुमाराला तिरुवैयारुजवळच्या एका देवळातून पंचधातूची मूर्ती चोरीला गेली. तपास माझ्याकडे आणि हाती काहीच नाही. अशा वेळी पोलिसाला जो दिसेल तो चोर वाटतो. आमच्या दूधवाल्याकडेही मी दोन दिवस वेगळ्या नजरेनं पाहत होतो.

खबर आणली हवालदारानं. बसस्टँडजवळच्या लॉजमधला क्लार्क ढिगानं पत्रं परदेशी पाठवतोय आणि फ्रान्सहून त्याला जाड पाकिटं येतायत, असं पोस्टमन बोलला होता. मी टेबलावरचे कागद चाळले. याच क्लार्कच्या पासपोर्टची चौकशी आठवडाभर माझ्याकडे पडून होती. मूर्ती, फ्रान्स, पासपोर्ट. मला वाटलं, बढती दारात येऊन उभी राहिली.

त्याला बोलावलं. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. सगळी पत्रं कापडी पिशवीत घालून आला होता; त्या दिवशी आलेलं पाकीट तर अजून फोडलंही नव्हतं. तो आमच्यातलाच, पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेला, घरी मराठी बोलणारा. म्हणून मी मुद्दाम तमिळमध्ये सुरुवात केली. आपला माणूस म्हणून सोडला, असं कुणी म्हणायला नको. पाकीट माझ्यासमोर फोडायला लावलं. आत ती किल्ली आणि हातानं काढलेला नकाशा. स्टेशनपासून बाण, शेवटी एका गोलावर फुली.

"ही फुली कसली?"

"स्टेडियमची, सार."

"आणि किल्ली?"

"बाईंच्या घराची. सामन्यांच्या वेळी त्या बहिणीकडे जाणार. मी राहायचं आणि मांजराला खायला घालायचं."

दोन वर्षांमागं त्या फ्रेंच बाई लॉजवर उतरल्या होत्या, एवढीच ओळख. बाकीचं त्यानं सांगितलं ते असं. दुबईतला जावई विमानाचं तिकीट काढून देणार होता. पण सामन्यांच्या दिवसांत तिथली हॉटेलं भरलेली, आणि रिकामी असती तरी त्याला परवडली नसती. म्हणून लॉजवर येऊन गेलेल्या तेवीस फ्रेंच पाहुण्यांना त्यानं पत्रं लिहिली, की चटईपुरती जागा मिळेल का. त्याचे पूर्वज ओरत्तनाडूच्या छत्रात, म्हणजे राजांनी बांधलेल्या धर्मशाळेत, वाटसरूंची व्यवस्था पाहत. जागा मागण्यात संकोच करायचा असतो, हे त्याच्या घराण्यात कुणी शिकवलंच नव्हतं.

मी म्हटलं, "चार दिवसांच्या ओळखीवर कुणी घराची किल्ली पाठवतं?"

तो मराठीत म्हणाला, "आम्ही तर ओळख नसतानाच देतो, सार."

उत्तर बिनतोड होतं. बिनतोड उत्तर देणाऱ्यावर माझा संशय तेव्हा दुप्पट होत असे. किल्ली, नकाशा, पत्रं, सगळं पंचनामा करून जप्त केलं. पासपोर्टच्या कागदावर शेरा मारला, 'चौकशी चालू'. जाताना त्यानं एवढंच विचारलं, की सामने सुरू व्हायच्या आत होईल ना. मी म्हटलं, बघू.

घरी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं पोळी उलटली आणि म्हणाली, "मूर्ती चोरणारा माणूस पासपोर्टसाठी आपणहून तुमच्या दारात येऊन बसेल होय?" मी तिला तपासातलं काही कळत नाही असं सांगून जेवायला बसलो.

तेवीस पत्ते विशेष शाखेकडे पाठवले. आठवडे गेले, काही निघालं नाही. शेवटी मीच सी फॉर्मचे गठ्ठे काढले. परदेशी माणूस कुठंही उतरला, की ठेवून घेणाऱ्यानं त्याचा पत्ता आणि भेटीचा हेतू लिहून पोलिसांकडे द्यायचा, तो हा फॉर्म. तेवीसच्या तेवीस नावं सापडली. प्रत्येकाखाली 'पाहिले' म्हणून सही होती. माझी. बाईंच्या फॉर्मवर क्लार्कची टीप होती, की ताप आल्यानं मुक्काम वाढला, जेवण माझ्या घरून. ज्या टोळीच्या मागावर मी होतो, तिची यादी माझ्याच कपाटात, माझ्याच सहीनिशी पडलेली होती. मूर्ती पुढं गावातल्याच एका विहिरीत सापडली.

'हरकत नाही' असा अहवाल त्याच दिवशी पाठवला. पासपोर्ट आला तेव्हा अंतिम सामना होऊन गेला होता.

किल्ली परत द्यायला मी स्वतः लॉजवर गेलो. उशीर झाला, असं काहीतरी पुटपुटलो. त्यानं पावतीवर सही केली. "मांजराची सोय शेजारणीनं केली, सार. मी बाईंना आधीच कळवलं होतं," तो म्हणाला आणि किल्ल्यांच्या फळीवर, शेवटच्या रिकाम्या खिळ्याला त्यानं ती अडकवली. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

संशय घेणं हे माझं काम होतं, त्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही. पण माझ्या चौकशीला मुदत नव्हती आणि त्याच्या सामन्यांना होती. समोरच्याची तारीख आधी विचारावी, हे मी तिथं शिकलो.

पोंगल झाल्यावर टेबलावर एक सी फॉर्म आला. त्याच बाई. मुक्कामाचा पत्ता लॉजचा नव्हता, क्लार्कच्या घरचा होता. भेटीच्या हेतूपुढं त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'किल्ली नेण्यासाठी'.

मी वाचलं आणि सही केली. दोन मिनिटं लागली. त्याच्या कागदालाही तेवढीच लागली असती.