वडिवळ्यात आलेला कुरवंड्याचा वास

शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर सांभाळून घ्या. चौथीनंतर पेन फारसं धरलं नाही. आमचं बौद्धाचं घर. नजर, संकेत, भूतखेत मी कधी मानलं नाही... अजूनही मानत नाही. पण हे घडलं.

माझे मालक लोणावळ्याजवळ, आमच्या वडिवळ्यापासून लांब, कुरवंड्याला एका बंगल्यावर केअरटेकर होते. तिथं भाड्यानं राहणारी दोन माणसं मागच्या खोलीत अत्तर बनवतो म्हणायची. त्या दुपारी वडिवळ्यात माझ्या घरी बचत गटाच्या बायका जेवायला होत्या. इंद्रायणी भाताचं झाकण काढलं, आणि मला अ‍ॅसिडसारखा झणझणीत वास आला. डोळ्यांतून पाणीच!

"मावशी, ह्यो कसला वास?" मी गटाच्या अध्यक्ष मंगलमावशींना विचारलं.

"भाताचा! लय झकास सुटलाय. तुला नगं आसंल तर माज्या ताटात वाढ."

सगळ्या हसल्या. माझा मात्र घसा जळत होता, आणि सारखे मालकच डोळ्यांसमोर येत होते. कामावर असताना मी त्यांना कधी फोन करत नाही, लाज वाटते. त्या दिवशी बायकांदेखत केला.

"आवाज तुटतोय, थांब, गेटवर येतो... हां, बोल."

"काय न्हाई... जेवलात का?"

"एवढ्यासाठी फोन केलास व्हय?" ते हसले, आणि तेवढ्यात मोठा धमाका झाला.

मागची खोली उडाली होती. पेटतं रसायन त्यांच्या पाठीवर, हातांवर आलं. त्या दोघांपैकी एक जागीच गेला. तिथं नशेची पावडर बनत होती, हे पोलिसांकडून कळलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत असते तर वाचले नसते."

मांडीची कातडी काढून पाठीला लावली. दिवसाआड ड्रेसिंग, मलमं, अंगाला घट्ट बसणारे खास कपडे, गाडीभाडं... बंगलेवाल्यानं फोन उचलणं सोडलं. गटानं सगळी शिल्लक माझ्या हातात ठेवली. मी मान खाली घातली, तर मावशी ओरडल्या, "वर बघून घे. भीक न्हाई ही."

नंतर मालकांना विचारलं, तुम्हाला वास आला होता का? "बिलकूल न्हाई. दार बंद हुतं त्यांचं." त्यांना तिथं आला नाही तो मला एवढ्या लांब कसा आला, ते आजही कळत नाही.

भाजलेल्या कातडीला ऊन सोसत नाही, म्हणून आता ते सावलीतली कामं करतात, मी लोणावळ्याला चिक्की पॅक करायला जाते. बरं चाललंय. गेल्या मीटिंगला, आमच्याच घरी, गटाच्या त्या पैशांचा शेवटचा हप्ता दिला. मावशींनी नोटा दोनदा मोजल्या.

"फिटलं गं सगळं. आता चहा पाज."

"उधारीवर चालंल का?" मालक आतून ओरडले.

बायका हसल्या. मीही हसले, चांगली मोठ्यानं. आता कुणाचं एका रुपयाचंही देणं नाही.