पनीर, कानडी आणि माझे कान

काय झालं ते सांगतो, पण हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी एकाच्या नाकातून चहा आला होता!

बनावट पनीरवर मी आमच्या पेपरात मालिका लिहिली. दुकानदार बिथरले, वाचक घाबरले आणि सगळ्यात जास्त घाबरलो मी. पांढरं काही दिसलं की छातीत धडधडतं. आणि नेमकी लेक केतकी सातव्या महिन्यात माहेरी आलेली. डोहाळे कसले? पनीरचे!

सकाळी मल्लूअण्णाच्या दुकानात गेलो. दोन लाद्या शेजारी शेजारी.

"हे तेलाचं, स्वस्त. हे दुधाचं, म्हाग," अण्णा म्हणाला.

"नक्की दुधाचं?"

"व्हय की सायेब! किती उलटतपासणी घेताव?"

महागातलं घेतलं, घरी ठेवलं. आमच्या सौ., सुमनबाई, शाळेत शिकवतात, त्या बाहेर पडल्या होत्या. दुपारी कोथिंबीर हवी म्हणून मी पुन्हा दुकानात.

अक्कलकोटकडची एक बाई त्याच महागाच्या लादीकडे बोट दाखवून, हे असली आहे का, असं कानडीत विचारत होती, "इदु असली एन्री?"

शेजारी पिठाची गिरणी धडधडत होती. त्यातून अण्णाचं उत्तर आलं, "पूर्ती हाळु री! बेरे एनू इल्ला!"

सोलापुरात जन्म काढलाय, एवढं कानडी मलाही कळतं. हाळु म्हणजे नासलेलं, वाया गेलेलं! म्हणजे पूर्ण नासलेलं, दुसरं काही नाही! मला मराठीत थापा आणि तिला कानडीत सत्य?

"अण्णा, उद्या पहिल्या पानावर छापतो तुला!"

"आता म्या काय केलो?"

ऐकायला थांबतोय कोण? कोथिंबीर तिथंच टाकून स्कूटर घराकडे पिटाळली. वाटेत डोळ्यांसमोर काय काय आलं, विचारू नका. सलाईन, स्ट्रेचर, जावयाचा चेहरा!

केतकीसमोर रिकामी वाटी.

"खाल्लंस?"

"मस्त होतं, बाबा!"

"पोटात दुखतंय का?"

"आत्तापर्यंत नव्हतं. तुमचा चेहरा बघून दुखायला लागलंय."

घाईघाईनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, लक्ष ठेवा. पेशंट बघून झाले की मी फोन करते." लक्ष ठेवा! म्हणजे काहीतरी आहेच ना? उरलेलं पनीर मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं, वर राख टाकली. पण पोरीचा डोहाळा अर्धा कसा ठेवायचा? थेट मोठ्या चकचकीत दुकानात गेलो, पनीरचं सीलबंद पाकीट उचललं. सीलबंद म्हणजे असली! स्वतः परतलं, वर मीठ-मिरपूड. केतकीनं तेही खाल्लं.

मग सुमनबाई आल्या. मी सगळं धापा टाकत सांगितलं. त्यांचं माहेर अक्कलकोटचं, कानडी घरचंच.

"नीट आठवून सांगा. हाळु म्हणाला, की हालु?"

"काय फरक पडतो?"

"अहो! हालु म्हणजे दूध. पूर्ती हालु, म्हणजे निव्वळ दुधाचं, दुसरं काही नाही. तो बिचारा मालाचं कौतुक करत होता, आणि तुम्ही त्याला पहिल्या पानावर घेऊन निघालात!"

मी डब्याकडे बघितलं. निव्वळ दुधाचं पनीर राखेखाली पडलं होतं.

तेवढ्यात केतकीनं माझं सीलबंद पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं. ती सावकाश वाचू लागली, "वनस्पती तेल, स्टार्च... बाबा, यात दूध कुठाय?"

आता खरी बोबडी वळली. आणि नेमका फोन वाजला. डॉक्टरीणबाई.

"बोला. दुकानदारानं वाईट पनीर दिलं म्हणालात ना? अजून काही खाल्लंय का तिनं?"

मायलेकी माझ्याकडे बघत होत्या.

"डॉक्टर, दुकानदाराचं चांगलं होतं. त्यानंतरचं वडिलांनी दिलंय, त्याचं काय करायचं ते सांगा!"